विज्या, त्या कालवडीबद्दल

नागपूर, १२ जून

प्रिय विज्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या पत्र संपल्यावर घाल. माझी शुगर आहे तशीच, आईचे गुडघेही.

काटोल रोडवरचा रामाजी. त्याच्या तीन गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या. मेलेल्या वासराच्या पोटातलं पाणी मी सिरिंजने ओढलं. हातमोजे घालून, हो, दोन-दोन! जंतूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआरला जेलवर २२३ जोड्यांच्या डीएनए-तुकड्याची रेघ इतकी लख्ख उमटली की लॅबमधली पोरगी खूश झाली. ब्रुसेला, तोच गाई गाभडवणारा आणि कच्च्या दुधातून माणसांना ताप आणणारा जंतू. माझ्या पोटात गोळा.

कारण दिवाळीत रामाजीने आणलेली ती गाभण कालवड मीच पास केली होती. काचेवर रोझ बेंगाल, ती ब्रुसेलाची रक्ततपासणी, चार मिनिटं, गुठळी नाही, म्हणजे पास. ‘घे बाप्पा, बिनधास्त.’ काही जनावरं गाभडेपर्यंत रक्तात काही दाखवतच नाहीत, हे आपल्याला शिकवलं होतं. त्या तासाला मी तुझी हजेरी लावत बसलो होतो, म्हणजे निम्मं पाप तुझं.

सर्वांत आधी गाभडली तीच. वार रामाजीने उकिरड्यावर टाकली, कुत्र्यांनी गोठाभर ओढली. आता तिच्या दुधातल्या आणि वासरातल्या जंतूंच्या डीएनएतल्या १६ जागांवरचे आकडे ताडून पाहिले. सोळाच्या सोळा जुळले. हाच प्रकार आसपास सगळीकडे फिरत असला तरी जुळतील, एवढी पळवाट आहे. पण मला ती पटत नाही बे.

औषध देऊन गाय साफ होत नाही, कापता येत नाही, वेगळी बांधायला जागा नाही. विकू नको म्हटलं, तर म्हणतो, ‘विकतो काहून? तुमची तपासलेली गाय, तिचंच दूध घरात ठेवतो.’ पोरं धारोष्ण पितात. बायकोला पंधरा दिवस संध्याकाळी ताप, घाम, कंबर धरून बसते. कोणीतरी टायफॉइड सांगितलाय.

तुझाही टायफॉइडच होता ना? होस्टेलच्या खाटेवर घामाने चादर भिजायची आणि मी तुला नाटकी म्हणायचो. ते मागे घेतो. कॅरमचे पैसे मात्र तूच देणं लागतोस.

दूध उकळा, एवढंच बोललो. हे कुठून आलं ते तोंडातून निघालं नाही. उद्या सकाळी धारेच्या वेळी जाऊन सांगतो, आणि त्याच्या बायकोला रक्त तपासायला नेतो. तुझा ताप शेवटी ओळखला तो डॉक्टर कोण होता? सहा आठवड्यांच्या गोळ्या कोणी दिल्या होत्या? रात्रीच कळव.

पोरीची दहावी झाली ना? मार्क सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या