'कोणालाच कल्पना नव्हती' म्हणे! मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

निर्यातदारांच्या परवाच्या बैठकीत आपण म्हणालात, "तांबड्या समुद्रात असं काही होईल याची कोणालाच कल्पना नव्हती." मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझा माल तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडून केप ऑफ गुड होपचा वळसा घालत होता, युद्धजोखमीच्या विम्याने नफा गिळला होता आणि ऑर्डर रद्द झाल्याचा मेल फोनवर येऊन पडला होता. त्यामुळे टाळ्या वाजवायच्या राहिल्या, माफी असावी.

कल्पना नव्हती? तांबड्या समुद्राला भूमध्य समुद्राशी जोडणारा इजिप्तचा सुएझ कालवा १९५६ मध्ये बंद पडला. १९६७ च्या युद्धात पुन्हा बंद झाला तो थेट १९७५ मध्ये उघडला. आठ वर्षं, साहेब! कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा जहाजं वाळवंटाची धूळ अंगावर घेत अडकून पडली होती. इराण-इराक युद्धात टँकरांवर हल्ले झाले. २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे अवाढव्य मालवाहू जहाज कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवसांत जगाच्या नाकी नऊ आले. २०२३ पर्यंत जगाचा दहा-बारा टक्के व्यापार (कोणी पंधरा म्हणतं, तुम्हीच मोजून सांगा) या एका चिंचोळ्या वाटेने जायचा. 'एव्हर गिव्हन'च्या वेळी आपल्याच खात्याने पर्यायी मार्गांचा आणि विम्याचा आराखडा 'लवकरच' देऊ म्हटलं होतं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, आराखडा अजून 'लवकरच' आहे.

भाषणात मात्र इतिहास हवाच. कोणी वाटाघाटी म्हटलं की लगेच म्युनिक, १९३८, म्हणजे हिटलरपुढे नमतं घेतल्याचा दाखला! ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी हेच केलं. कालव्याचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या इजिप्तच्या नासरमध्ये त्यांना इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी दिसला, म्हणून १९५६ मध्ये सैन्य पाठवलं. नासर यांनी जहाजं बुडवून कालवाच अडवला. जो वाचवायला गेले तोच बंद! वर अमेरिकेने पौंडाची कोंडी केली आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन घरी गेले. सोयीचा दाखला शोधणारे इतिहास वाचत नाहीत, वकीलपत्र घेतात.

शिकणारेही असतात. १९७३ च्या तेलबंदीत भाव चौपट झाले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली आणि पुढे तेल आयात करणाऱ्या सदस्य देशांवर नव्वद दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचं बंधन आलं. परिसंवाद नाही, साठा! ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने जहाजांच्या युद्धविम्याचा मोठा भार स्वतः उचलला. शंभरेक वर्षांपूर्वी, संगणक नसताना.

आपल्याकडे संगणक आहेत, सल्लागार आहेत, रंगीत नकाशे आहेत. फक्त आठवण नाही. अधिकारी विषय समजू लागला की त्याची बदली, नवा येतो तो पुन्हा पहिल्या पानापासून. जुन्या फायली तळघरात आणि सल्लागाराचं बिल मात्र वेळेवर. परराष्ट्र खातं व्यापार खात्याशी बोलत नाही, दोघं मिळून विमा कंपन्यांशी बोलत नाहीत आणि हप्ता मी भरतो. कामगारांना काय सांगू, कल्पना नव्हती?

मागणं थोडं आहे. तो आराखडा, अर्धवट असला तरी, जाहीर करा. १९६७ ते ७५ या काळात मालवाहतूक कशी वळवली, त्याच्या फायली खुल्या करा. युद्धजोखमीच्या विम्यात सरकारचा वाटा किती असेल, तो आकडा द्या. आणि आखातातलं तेल जिथून बाहेर पडतं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीचं काय ठरलंय तेही सांगा. त्या सामुद्रधुनीला बगल देणाऱ्या पाइपलाइन अपुऱ्या आहेत, आणि तिथे काही झालं तर 'कोणालाच' या शब्दात कृपया मला धरू नका.

आपला,
एक (अजून तरी) निर्यातदार