विझिंजमची जहाजे मोजू नका, फाटक पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केरळमधले विझिंजम बंदर सुरू झाल्यापासून शेजारच्या राजधानीचा, तिरुवनंतपुरमचा, कायापालट होणार, तिथे आत्ताच गुंतवणूक करा, असा सूर सतत कानावर येतो. बंदर उत्तम आहे, यात वाद नाही. किनाऱ्यालगत 18 ते 20 मीटर नैसर्गिक खोली, गाळाचा त्रास कमी आणि आंतरराष्ट्रीय जलमार्ग जेमतेम 10 सागरी मैलांवर. जून 2025 मध्ये ‘एमएससी इरिना’ हे 24 हजारांहून अधिक कंटेनर मावणारे अजस्र जहाज तिथे धक्क्याला लागले. पण तेवढ्यावरून शहर श्रीमंत होईल, हे मला पटत नाही.

विझिंजमचा धंदा मुख्यतः ट्रान्सशिपमेंटचा. मोठ्या जहाजातून कंटेनर उतरतो, यार्डात थांबतो आणि लहान फीडर जहाजात चढून दुसऱ्या बंदराकडे जातो. कोलंबो, सिंगापूरला जाणारे हे काम देशात आले, हे चांगलेच झाले. मात्र जो कंटेनर फाटकाबाहेर पडतच नाही, त्याला ना ट्रक लागतो ना गोदाम. राजधानीच्या पदरात त्यातून फार काही पडत नाही.

मुळात हे शहर जगते सरकारी नोकऱ्यांवर, 1990 पासूनच्या टेक्नोपार्कवर, थुंबाच्या अंतराळ केंद्रावर, कोवळमच्या पर्यटनावर आणि आखातातून येणाऱ्या पैशांवर. कारखाने थोडे, जमीन महाग, वस्ती दाट. शेजारच्या तमिळनाडूत, तिरुनेलवेलीतल्या कारखानदाराला तुतिकोरिनचे बंदर जवळ पडते. तो आपला माल इकडे का आणील? त्यासाठी वाट सोपी हवी. बंदरापासून बाळरामपुरम रेल्वे स्थानकापर्यंतचा सुमारे 10.7 किलोमीटरचा, बहुतांश बोगद्यातला रेल्वेमार्ग कोकण रेल्वेकडे सोपवला आहे (बोगदे कसे खोदायचे हे त्यांना कोणी शिकवायला नको!). रस्ता म्हणाल तर राष्ट्रीय महामार्ग 66, म्हणजे आपल्या पनवेलहून निघणाराच. त्याची कोकणातली रड वाचकांना ठाऊक आहे.

माहितीपत्रकांत न दिसणारी बाजूही आहे. 2022 मध्ये तिथल्या मच्छीमारांनी किनाऱ्याची धूप आणि घरांच्या प्रश्नावर काही महिने आंदोलन केले. मे 2025 मध्ये विझिंजमहून कोचीला निघालेले ‘एमएससी एल्सा 3’ बुडाले आणि प्लास्टिकचे बारीक दाणे तिरुवनंतपुरमच्या पुळणीवर पसरले. वाळूतून असे दाणे वेचून काढायचे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळेल. दुसरीकडे, आसपासच्या मच्छीमार वस्त्यांमधल्या काही तरुणी याच बंदरात नियंत्रण कक्षात बसून यार्डातल्या क्रेन चालवतात. या नोकऱ्या मोजक्या असल्या, तरी मला त्या बंदरातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटतात.

हे सारे आपल्याला लागू आहे. पालघरच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झाले. खर्च 76,220 कोटी रुपये. तिथे पाठीशी कारखानदारीचा मोठा मुलूख आहे, त्यामुळे माल फाटकाबाहेर पडेल. पण डहाणूच्या कोळीवाड्यातली मुले त्या क्रेनवर बसणार की फाटकावर पहारा करणार, हे प्रशिक्षण आज कोणाला मिळते यावर ठरेल.

म्हणून विनंती अशी: बंदरांच्या बातम्या देताना किती जहाजे आली याच्या जोडीला किती कंटेनर रस्त्याने व रेल्वेने बाहेर पडले आणि स्थानिकांपैकी किती जणांना कायम नोकरी मिळाली, हे आकडेही छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक