मंत्रिमहोदय, सप्लिमेंटच्या डब्यात स्टेरॉइड विकलं जातंय

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी व्यायामशाळा चालवतो. 'सुपरड्रॉल' हे नाव पोरांच्या तोंडी येऊ लागलं, म्हणून आपल्याला लिहितोय.

ही गोळी म्हणजे मेथास्टेरॉन, स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत बनलेलं हे रसायन पुढे औषध म्हणून बाजारात आलंच नाही. अमेरिकेत २००४ साली स्टेरॉइडविरोधी कायदा कडक झाला. पण त्या कायद्याने बंदी घातली ती नावांच्या यादीवर, आणि यादीत हे नाव नव्हतं. २००५ मध्ये ते 'प्रोहार्मोन' म्हणून आहारपूरकांच्या, म्हणजे सप्लिमेंटच्या, दुकानात आलं. शरीरात गेल्यावर ज्याचं हार्मोन बनतं ते प्रोहार्मोन. मेथास्टेरॉन तर मुळातच तयार स्टेरॉइड! तोंडावाटे घेता यावं म्हणून त्याच्या रेणूत असा बदल केलेला असतो की यकृताला ते सहज मोडता येत नाही. त्याची किंमत यकृतच मोजतं: डोळे पिवळे, अंगभर खाज, लघवी गडद. गोळ्या बंद केल्यावरही कावीळ कित्येक आठवडे हटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्येच इशारा दिला होता, तरी नियंत्रित पदार्थांत त्याची नोंद व्हायला २०१२ उजाडलं.

आमच्याकडच्या एका पोराला कावीळ झाली, तेव्हा डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं. तो दारू पीत नाही. औषधं घेतोस का, यावरही तो 'नाही' म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या लेखी तो सप्लिमेंट घेत होता. डब्यावर स्टेरॉइड हा शब्दच नव्हता, होतं ते लांबलचक रासायनिक नाव. विसाव्या वर्षी त्याने ते कसं ओळखायचं?

कायदा आपल्याकडे आहे. आहारपूरकांत हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायचं नाही, असं केंद्राचे नियम स्पष्ट सांगतात. औषध म्हणून मिळणारी स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मात्र अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तो डबा अन्न वाटतो आणि औषध निरीक्षकाची तपासणी मेडिकल दुकानापाशी थांबते. ट्रेनरच्या बॅगेतून विकला जाणारा माल दोघांच्याही हाती लागत नाही. महाराष्ट्रात ही दोन्ही कामं एकाच प्रशासनाकडे आहेत आणि ते प्रशासन आपल्या हाताखाली आहे. त्यामुळे 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर मला मान्य नाही.

दोन्ही शाखांची पथकं एकत्र पाठवा. जिमच्या काउंटरवरचे नमुने घ्या आणि त्यात प्रथिनं किती एवढंच न बघता स्टेरॉइड आहे का, हे तपासायला लावा. तपासणी ठरावीक नावांपुरती ठेवू नका, कारण एक नाव पकडलं की दुसरं बाजारात येतं. अमेरिकेलाही २०१४ मध्ये कायदा बदलून मिळत्याजुळत्या रचनेची रसायनं त्यात आणावी लागली. तरुण मुलाला कावीळ झाली तर जिममधल्या डब्याबद्दलही विचारा, अशी सूचना आरोग्य खात्यामार्फत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जाऊ द्या.

आणि कारवाई विकणाऱ्यावर करा. खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला तर त्याची कारकीर्द जाते. त्याला डबा देणारा मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. पहिल्या तपासणीसाठी आमच्या व्यायामशाळेचं दार उघडं आहे.

आपला,
एक व्यायामशाळा चालक