दुसराही हात माग

देवगड

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोन हातांच्या नाड्या असमान असण्याची कारणं तू एका दमात म्हणून दाखवलीस. पाठांतर चोख आहे, परीक्षक खूश होईल. पण तू म्हणालीस त्या क्रमाने रोगी येत नाहीत. त्याचं वय काय, दुखणं अचानक आलंय की मुरलेलं आहे, आणि नाडी नेमकी कुठून कमी झालीय, एवढ्यावर सगळी यादी उलटीपालटी होते. तुझी मेसची वेळ झाली होती म्हणून तेव्हा बोललो नाही.

आपल्याकडे नाडी दाखवताना अजूनही पुरुष उजवा हात पुढे करतात आणि म्हाताऱ्या बायका डावा. वैद्यबुवांच्या वेळची रीत. ती मोडू नकोस, पण दुसराही हात माग. दोन्ही मनगटं एकाच वेळी धर. एक सोडून दुसरं धरलंस तर आधीचा जोर बोटांना आठवत नाही, आणि उशीर तर कळणारच नाही. मग दोन्ही कोपरांतली ब्रेकियल (दंडाची धमनी) बघ, दोन्ही हातांचं बीपी घे. मनगटाला कमी पण कोपराला सारखी, बीपीही सारखं, तर बिघाड कोपराच्या खालीच आहे, किंवा मुळात बिघाडच नाही. काहींची रेडियल (मनगटात लागते ती धमनी) जन्मतःच दंडात वरून फुटते, काहींची मनगटाशी नेहमीची वाट सोडून अंगठ्याच्या मागच्या बाजूने जाते. अशा धडधाकट माणसाला ताकायासू (मोठ्या धमन्या सुजून अरुंद होण्याचा रोग) चिकटवू नये. बीपीत दहाचा फरक पुष्कळ निरोगी माणसांतही सापडतो. वीसच्या वर गेला आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला, की मात्र कारण शोधायचंच. आणि त्या रोग्याचं बीपी कायम जास्त येणाऱ्या हातातच मोजायचं, हे केसपेपरवर ठळक लिहून ठेव.

तू अगदी शेवटी उरकलंस ते कारण मी पहिलं ठेवीन: आपणच, म्हणजे डॉक्टरांनीच, केलेलं. हल्ली अँजिओग्राफी मनगटातून होते, आणि नंतर काहींची रेडियल बंद पडते. पंजाला अल्नरचा, म्हणजे करंगळीकडच्या धमनीचा, पुरवठा असतो, त्यामुळे त्रास काही नसतो आणि रोगी सांगतही नाही. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शिरेचा केलेला जोड) हाताला थरथर लागल्याबरोबर ओळखशील. लहानपणी निळ्या पडणाऱ्या मुलांवर ब्लेलॉक-टॉसिग शस्त्रक्रिया करतात; ती पहिल्यांदा 1944 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला झाली. मूळ पद्धतीत हाताकडे जाणारी सबक्लेव्हियनच कापून फुप्फुसाच्या धमनीला जोडत, मग त्या हाताला नाडी कुठून लागणार? परीक्षेला असे रोगी मुद्दाम बोलावून ठेवतात. छातीच्या बाजूला आणि पाठीवर शस्त्रक्रियेचा व्रण आहे का ते बघितल्याशिवाय तोंड उघडू नकोस.

ताकायासूबद्दल तू म्हणालीस, तरुण बाई आणि नाडी नाही. बरोबर. मिकितो ताकायासू हे जपानी डोळ्यांचे डॉक्टर. 1908 मध्ये त्यांनी एका तरुण मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावरचं रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं मांडलं, हाताच्या नाडीशी त्याचं नातं दुसऱ्या डॉक्टरांनी जुळवलं. आपल्याकडे येते ती चाळिशीच्या आतली बाई. "डॉक्टरानू, हात भरान येता," म्हणते, कपडे पिळताना, नारळ खोवताना. मागे कधीतरी बारीक ताप आणि अंगदुखी होऊन गेलेली असते. खरी फसगत होते ती दोन्ही हातांच्या नाड्या सारख्याच क्षीण असल्या तर. तुलनेला काही उरतच नाही. बीपी 90 येतं, लो बीपी म्हणून मीठ-साखरेचं पाणी सुरू होतं, आणि मांडीला कफ बांधला की 180 निघतं. म्हणून तरुण बाईचं बीपी फार कमी लागलं आणि ती मात्र ठणठणीत चालत आली असेल, तर पायाचं बीपी घे आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर-खाली स्टेथोस्कोप ठेवून बघ.

त्याच 1908 साली लिओ बर्गरने त्याच्या नावाच्या रोगावर लिहिलं. तो आपल्या बिडीबहाद्दर खलाशांचा, पंचेचाळिशीच्या आतला. धमन्या बारीक असतात त्याच जातात, त्यामुळे पायाच्या नाड्या आधी बघायच्या. बिडी सुटली तरच पाय वाचतो. हे मी सांगून थकलोय.

अचानक आलेल्या दुखण्याची गोष्ट वेगळी. तासाभरापूर्वी हात दुखायला लागला, आता गार, पांढरा, मनगटाला काही नाही, आणि दुसऱ्या हाताची नाडी वेडीवाकडी पळतेय: संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) आणि तिथून सुटलेली गुठळी. इथे सहा तासांचा हिशोब असतो. चर्चा करत न बसता हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला गाडी काढायची. (फिब्रिलेशनमध्ये एक ठोका मोठा, एक लहान लागतो, त्याला असमान नाडी म्हणू नकोस. तो फरक दोन्ही हातांत एकदमच होतो. पहिल्या वर्षीची मुलं इथे हमखास अडकतात.)

आणि छातीत फाटल्यासारखी कळ येऊन पाठीत उतरली, बीपीचा त्रास जुना, एका हाताची नाडी बसलेली, तर एओर्टाचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा) पदर सुटलाय, म्हणजे डिसेक्शन, असं समजून चाल. ईसीजीत थोडा बदल दिसला म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. म्हणूनच छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात आधी बघायचे. उलटं मात्र खरं नाही: डिसेक्शन असूनही पुष्कळांच्या नाड्या सारख्याच लागतात, तेव्हा नाडी सारखी म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

आता जांघेतली नाडी. संकोचापोटी सगळ्यात जास्त वेळा हीच सुटते. रोग्याला आधी सांग, पडदा ओढ, बाई असेल तर सिस्टरला थांबव, पण बघ. हृदयापासून लाट जांघेत साधारण 75 मिलिसेकंदांत पोचते आणि मनगटात 80, म्हणजे बोटांना दोन्ही एकदमच लागायला हव्यात. जांघेतली मागून आली की कोआर्क्टेशन. एओर्टा डाव्या सबक्लेव्हियनच्या जरा पुढे आवळलेली असते. व्हाळ अडला की पाणी बांधाच्या कडेकडेने झिरपत खाली जातं, तसं रक्त बरगड्यांच्या धमन्यांतून वळसा घेऊन पायात उतरतं. लाट सावकाश चढते, तोच आपल्याला उशीर वाटतो. बोटं नेहमी उजव्या मनगटावर ठेव, कारण कधीकधी आवळलेल्या भागात डावी सबक्लेव्हियनही सापडते. मग दोन मनगटांतही फरक लागतो.

बोटीवर नोकरीला निघालेला एक मुलगा दाखल्यासाठी आला होता. हातात 170, मांडीत 110. खेळताना पोटऱ्या दुखतात एवढीच तक्रार. बीपीला बाकीचे टेन्शन म्हणाले होते. एक्स-रेत बरगड्यांच्या खालच्या कडांना खाचा होत्या. मुंबईला स्टेंट घातला. अशांची एओर्टिक झडप पुष्कळदा दोनच पाकळ्यांची असते, तेव्हा इको सांगताना तेही लिही. मुलगी असेल आणि बुटकी असेल तर टर्नर (मुलींमधला एक्स गुणसूत्राचा जन्मजात दोष) डोक्यात ठेव. पन्नाशीच्या विडी ओढणाऱ्यात मात्र जांघेतली नाडी क्षीण लागली तर कोआर्क्टेशन नव्हे, पोटातल्या एओर्टाचा खालचा भाग तुंबलाय का ते बघायचं.

मानेतली जादा बरगडी, एओर्टाच्या कमानीचा फुगा, झडपेच्या वरचं अरुंदपण ज्यात उजवा हात जोरात लागतो, ही तुझ्या यादीत आहेतच. पुस्तकात पुरेशी आहेत.

आई कोकमाचं आगळ पाठवतेय, बाटली उभी ठेव. पुढच्या फोनला यादी नको. वॉर्डातल्या कुठल्याही एका रोग्याची दोन्ही मनगटं, दोन्ही कोपर, दोन्ही जांघा आणि चारही हातापायांचं बीपी एवढं मला सांग; निदान मी करीन, मग तू माझं तपास.

तुझे बाबा