त्याच्या वाटणीचा तुकडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वर्गात गट पाडले तरी एकच मुलगी सगळं लिहिते आणि बाकीचे नुसते बसून राहतात, असं तू लिहिलंस. माझ्या पाचवीच्या वर्गातही तेच चालायचं. म्हणून यंदा ॲरन्सनची पद्धत धरली आहे.

१९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली नि भांडणं पेटली. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला दिसलं, की बाईंनी प्रश्न विचारला की एकाला संधी मिळते आणि बाकीचे तो चुकायची वाट बघतात. मग त्यांनी पाठाचेच तुकडे केले. प्रत्येकाकडे एकच तुकडा, उरलेला पाठ सोबत्यांच्या तोंडूनच ऐकायचा.

माझी २४ मुलं, चौघांचे ६ गट. पहिला विषय घेतला ऊस ते साखर. वर्गात ऊसतोड कामगाराचा एक मुलगा आहे, बीडकडचा, वाचनात कच्चा. त्याला मुद्दाम तोडणीचा तुकडा दिला. वाटलं, खुलेल. तो एक शब्द बोलला नाही. घरी जाताना माझ्या ध्यानात आलं: बाकीच्यांच्या घरचा ऊस, याच्या आईबापाच्या हातात कोयता. आणि तेच मी त्याला चारचौघांत सांगायला लावलं होतं. फार लागलं रे मनाला.

पुढच्या आठवड्यात सूर्यमाला. त्या मुलाला बटुग्रह आले, म्हणजे प्लुटोसारखे छोटे गोळे. या पद्धतीत एकाच तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, मगच आपापल्या गटात परततात. ही पायरी कधी गाळू नकोस. त्या सहा जणांत त्याने तीनदा ऐकलं, दोनदा म्हणून दाखवलं. गटात आल्यावर अडखळला तेव्हा एक जण हसला. शेजारची मुलगी म्हणाली, "हसू नको, त्याच्याशिवाय आपल्याला कोण सांगणार?" मग तिनेच विचारलं, "प्लुटोला ग्रहांतून का काढलं?" त्याने सांगितलं, २००६ साली काढलं, त्याच्या वाटेवर दुसरेही गोळे फिरतात म्हणून. शिवाय रात्री कोपीबाहेर, म्हणजे त्यांच्या झोपडीबाहेर, झोपल्यावर आकाश कसं दिसतं, तेही सांगितलं. ते मी दिलेल्या तुकड्यात नव्हतं.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की तो गावी जाईल. त्याआधी अजून दोन पाठ असे घ्यायचे आहेत. तुझ्या वर्गाचा पट आणि पुढचा पाठ कळव, तुकडे मी पाडून पाठवतो.

तुझा,
मित्र