माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका, आम्हाला द्या

मंडळी, मृग तोंडावर आला. घरात, दुकानात, संस्थेच्या कार्यालयात आवराआवर सुरू असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं वाचा.

पुरात वापरायचे जुने वॉकीटॉकी सेट जुळवण्यासाठी आमच्या पूरपथकाला ३८६, ४८६ किंवा अगदी सुरुवातीचा पेंटियम प्रोसेसर असलेला, चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर हवा आहे. मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट हवा आणि पुढे साडेतीन इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह. नवा लॅपटॉप नको. कुणी प्रेमानं दिलाच तर आभार मानून परत करू, कारण आमचं काम त्याच्यावर होत नाही.

आम्ही कोल्हापुरातल्या पेठेतल्या तालमीची पोरं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. मच्छिंद्री झाली, म्हणजे पुराचं पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला लागलं, की आमची बोट, दोर आणि लाइफ जॅकेटं बाहेर निघतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट राहिली. २०२१ ला सुतारवाड्याच्या बाजूला आमच्या दोन्ही बोटी एकाच घराच्या गच्चीखाली जाऊन भिडल्या. एकमेकांकडे बघत बसलो. तीन गल्ल्या पलीकडं एक कुटुंब माळ्यावर चढून वाट बघत होतं आणि त्यांचा निरोप दसरा चौकात पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्याच माणसाकडं पडून होता. लाइट गेलेली, फोनची बॅटरी संपलेली, ज्याची शिल्लक होती त्याला रेंज नाही. पुढचा पत्ता विचारायला प्रत्येक वेळी बोट काठाला आणायची. त्या कुटुंबाला सुखरूप काढलं, पण दीड तास उशिरा.

म्हणून वॉकीटॉकी. नशिबानं एका साखर कारखान्यानं मोडीत काढलेले सेट आम्हाला रीतसर पत्र देऊन दिले. हंगामात गट कार्यालय, वजनकाटा आणि शेती विभाग यांच्यात मोबाइल येण्याआधी यांच्यावरच बोलणं चालायचं. मोटोरोलाचे २६ जीपी-३०० हातसेट आणि गाडीत बसवायचे दोन जीएम-३००. अंगावर उसाचा चिकटा, आत चिमणीची काजळी, पण जीव दणकट. एक सेट तर स्वच्छ करताना पायऱ्यांवरून दोन मजले खाली आला आणि उचलून चालू केला तर खरखर तशीच.

सगळे २६ मात्र कामाचे नाहीत. या सेटचे व्हीएचएफमध्ये (रेडिओ लहरींचा एक पट्टा) दोन प्रकार येतात. एक १३६ ते १६२ मेगाहर्ट्झचा, दुसरा १४६ ते १७४ चा. भारतात हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, दिलेला पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्यामुळे पहिल्या प्रकारचे १५ सेट आपल्या उपयोगाचे. दुसऱ्या प्रकारचे काही सेट खालच्या फ्रिक्वेन्सीवर ओढता येतात असं जाणकार सांगतात, पण पुराच्या रात्री बोटीत बसलेल्या माणसाच्या हातात ‘ओढलेला’ सेट द्यायची आमची तयारी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या सेटवर आकड्यांची बटणं नाहीत. चॅनेलची फ्रिक्वेन्सी, टोन, ताकद, सगळं आतल्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. त्याला कोडप्लग म्हणतात. ते बदलायचं तर कंपनीचं रेडिओ सर्व्हिस सॉफ्टवेअर लागतं (इंग्रजी लघुरूप मुद्दाम लिहीत नाही, उगाच भलती चर्चा सुरू होईल). ते डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या प्रणालीवर चालतं. विंडोजच्या खिडकीत नाही, निव्वळ डॉसवर. ते लिहिलं गेलं तेव्हाचे कॉम्प्युटर संथ होते. सेटशी बोलताना किती वेळ थांबायचं हे ते सॉफ्टवेअर घड्याळ बघून ठरवत नाही. रिकाम्या फेऱ्या मोजून ठरवतं. आपण लहानपणी लपाछपीला शंभरपर्यंत आकडे मोजायचो तसं. जलद मशीन हे शंभर आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजतं आणि समोरचा सेट अजून उत्तर द्यायच्या तयारीत असतानाच ‘बोलत नाही’ म्हणून मोकळं होतं.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. गेल्या डिसेंबरात एका सभासदाच्या घरचा पेंटियम फोर आणला. पेंटियम फोर! आज त्याला कुणी फुकट विचारत नाही, पण या सॉफ्टवेअरच्या हिशेबानं तो भलताच तरणा. डॉसची फ्लॉपी घातली, सात नंबरचा सेट जोडला. पहिल्या दोन वेळा वाचायला जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. तिथंच थांबायला हवं होतं. आम्ही खुशीत येऊन लिहायची आज्ञा दिली. पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली, थांबली, पडद्यावर चूक दाखवली. सेट बंद करून चालू केला तर एकच लांब सूर. कोडप्लग अर्धा जुना, अर्धा नवा, आणि सेटला स्वतःचीच ओळख पटेना. त्या चिपमध्ये नुसते चॅनेल नसतात, त्या विशिष्ट सेटची कारखान्यातली जुळणीही असते, म्हणून शेजारच्या सेटची फाइल त्यात ओतून भागत नाही. सात नंबर आज टेबलावर धडा म्हणून ठेवलाय. उरले १४.

‘डॉसबॉक्स वापरा की’ (नव्या कॉम्प्युटरवर जुन्या डॉसचं सोंग करणारं सॉफ्टवेअर), असं प्रत्येक घरातला एक तरी भाचा सांगतो. वापरून बघितलं. वेग कमी करायची छोटी सॉफ्टवेअरंही बघितली. काहींना जमतं, खोटं नाही. आमच्याकडं वाचायला जमलं. पण लिहिण्याच्या वेळी भरवसा वाटेना, आणि आता आणखी एक सेट घालवायची ऐपत नाही. यूएसबीला लावायची सिरियल केबलही इथं कामाची नाही, कारण हे सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या चिपशी बोलतं आणि डॉसला ती केबल दिसतच नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या सीएनसीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर मशीन चालवणाऱ्यांना, यातलं काही नवं वाटणार नाही. मशीनला प्रोग्राम पाठवायला आरएस-२३२ म्हणजे सिरियल केबल आणि कोपऱ्यात धूळ खात बसलेला डॉसचा पीसी हे दृश्य त्यांच्या रोजच्या बघण्यातलं. आमची पहिली आशा त्यांच्यावरच आहे. दुसरी पतसंस्था आणि दूध संस्थांवर. एकेकाळी दुधाचा हिशेब याच मशीनवर व्हायचा, नंतर नवं आलं आणि जुनं ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून माळ्यावर गेलं. ते ‘कधीतरी’ आता आलंय. तिसरी आशा जुन्या छापखान्यांवर.

सिरियल पोर्टच्या दोऱ्यांवर उणे-अधिक दहा-बारा व्होल्ट खेळत असतात आणि सेटला हवेत पाच. मध्ये एक छोटा खोका लागतो, तो आमच्या एका सभासदानं मॅक्स-२३२ चिप घालून घरीच बनवलाय, तपासलाय. सॉफ्टवेअरची मूळ फ्लॉपी कारखान्याच्या सामानातच मिळाली, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यांनी तिच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आणलेत. ती एकदाच, हळुवार पुसून, चांगल्या ड्राइव्हमध्ये वाचून घ्यायची आहे. म्हणून सुटा पण चांगला फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला तरी मोल आहे. कुठल्या तरी पेनड्राइव्हवर उतरवलेली ‘तीच’ प्रत मात्र आणू नका. हक्काची नाही, आणि आत काय आलंय ते कळत नाही.

‘दोन हजारात नवे चिनी सेट मिळतात, कशाला हा खटाटोप?’ हा प्रश्न तालमीच्या कट्ट्यावर रोज येतो. मिळतात. पण विनापरवाना वॉकीटॉकी ऑनलाइन विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बड्या विक्री संकेतस्थळांना नोटिसा काढल्या, ते विसरू नका. सेट जुना की नवा हा प्रश्नच नाही, अशा ताकदीच्या सेटना परवाना लागतोच. आमच्यात आज चार जण परवानाधारक हॅम आहेत, नऊ जण परीक्षेचा अभ्यास करताहेत. वय १२ पूर्ण असेल तर कुणालाही परीक्षा देता येते, खालच्या श्रेणीला मोर्सही (टिकटिकाटाची सांकेतिक भाषा) लागत नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. कागदपत्रं पुरी झाल्याशिवाय आणि हातात परवाना असल्याशिवाय एकही सेट वाजणार नाही, आणि कारखान्याचे जुने चॅनेल सगळ्यात आधी पुसले जातील. ‘पोलिसांचं बोलणं ऐकू येतंय का त्यात?’ असं विचारणाऱ्यांनी चहा प्यावा आणि घरी जावं.

रेंजबद्दल खोटी आशा दाखवत नाही. पाच वॅटचा हातसेट शहराच्या दाटीत दोन-तीन किलोमीटर. आम्हाला तेवढंच हवंय: दसरा चौक ते सुतारवाडा, पंचगंगा घाट ते गंगावेश. जीएम-३०० पैकी एक तालमीच्या गच्चीवर उंच अँटेना लावून बसवू, दुसरा टेम्पोत. पन्हाळ्यावरून रिपीटर (आवाज पकडून पुढं लांब पाठवणारा सेट) वगैरे गोष्टी पुढच्या.

पैशाचं सांगतो. मूळ निकेल-कॅडमियम पॅक सगळे मेलेत. पॅक ७.५ व्होल्टचा, आत सहा सेल. खोकी उघडून निकेल-मेटल हायड्राइडचे नवे सेल भरायचे. १४ सेटना प्रत्येकी दोन पॅक म्हणजे १६८ सेल, त्याचे साधारण २२ हजार. अँटेना, कोॲक्स केबल, कनेक्टर यांना ८ हजार. एकूण ३० हजार. गणपतीच्या वर्गणीतून वाचवलेले ११,५०० बाजूला ठेवलेत, १८,५०० कमी पडतात. सेल जोडायला उद्यमनगरातल्या कुणाकडं स्पॉट वेल्डिंगचं मशीन असेल आणि दोन संध्याकाळ देता येत असतील तर ते आम्ही पैशापेक्षा मोठं धरू. साध्या सोल्डरिंगच्या कहियानं सेल डागले तर उष्णतेनं बिघडतात.

रक्कम तालमीत रोख द्या किंवा तिथल्या फलकावरच्या क्यूआर कोडवर पाठवा. पावती हातोहात मिळेल, आणि खर्चाचा कागद दर शनिवारी त्याच फलकावर लागेल. कुणी दारात येऊन आमच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका, आम्ही दारोदार फिरत नाही.

कॉम्प्युटर देताना जुन्या हिशेबांची काळजी वाटत असेल, तर हार्डडिस्क तुमच्यासमोर काढून तुमच्याच हातात देऊ. आम्हाला ती लागत नाही, तिच्या जागी छोटं मेमरी कार्ड बसवणार आहोत. मॉनिटर नसला तरी चालेल. चालू होताना तारीख विचारत असेल किंवा १९८० साल दाखवत असेल तर घाबरू नका, आतला बटण सेल संपलाय एवढंच. फक्त चालू करायच्या आधी वर्षानुवर्षांची धूळ तरी फुंकून घ्या, किंवा चालूच करू नका, तसाच द्या.

मे अखेरपर्यंत, रोज संध्याकाळी सात ते नऊ, तालमीत कुणी ना कुणी असतंच. जड असेल तर निरोप ठेवा, टेम्पो आमचा, हमालीही आमचीच. माळ्यावरून खाली उतरवायला शिडी तेवढी तुमची.

— पूरपथकाच्या वतीनं, कार्यवाह, कोल्हापूर