कावळ्याशी खोटं बोलवेना

न्यू जर्सी,
३ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

परवा फोनवर "आवाज का असा?" म्हणालास, तेव्हा मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नव्हती रे. त्याच दिवशी एकटाच पकिप्सीला जाऊन आलो होतो. (स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नकोस, मीही आधी फसलो होतो.) हडसनच्या काठाने वर गेलं की गाडीने दोनेक तास. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. कल्याणला वाढलेल्या, पुण्यात वारलेल्या आपल्या आनंदीबाईंची.

शाळेत आपण "पहिल्या महिला डॉक्टर" एवढं पाठ करून मार्क घेतले आणि मोकळे झालो. इथे आल्यावर कळलं, की त्या ज्या रोझेल गावात राहिल्या ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, ते इथल्या मिशनच्या मासिकात छापून आलं. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना! मग पत्रापत्री सुरू झाली, आणि प्रत्यक्ष भेट व्हायच्या आधीच त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

१८८३ साली अठराव्या वर्षी ही मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत सांगून आली होती, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच वर्षअखेरीस ती परत आली, शब्द पाळला. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक हातात होती, पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला गेली. बावीस पुरी व्हायला महिना बाकी होता.

गोपाळराव मला कधीच आवडले नाहीत. दहा वर्षांच्या पोरीला लाकडाने मारणारा, बारा वर्षांची झाल्यावर खुर्च्या-पुस्तकं फेकणारा नवरा. तिनेच त्यांना पत्रात हे सगळं वयानिशी लिहून ठेवलंय. पण तिची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवली ती याच माणसाने. काळ कुठला, बघ. समुद्र ओलांडला की वाळीत टाकायचे. त्यानंतर तीन वर्षांनी पुण्याच्या पंचहौद ख्रिस्ती मिशनमध्ये चहा समोर आला, एवढ्यावरून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. आणि हे गृहस्थ बायकोची रक्षा सातासमुद्रापार धाडतात, ख्रिस्ती बाईच्या घराण्याच्या जागेत! माणूस नावडता असला की त्याची एखादी गोष्ट आवडणं फार अवघड जातं. मला जातंय.

दगडावरची पानं बाहीने झटकली. नाव, एम.डी., दोन सालं, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. जात तिथवरही पोचलीच, बघ. मी नमस्कार केला, आणि पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात पलीकडच्या दगडावर कावळा येऊन बसला. इथले कावळे नखशिखांत काळे असतात, आपल्यासारखी करडी मान नाही त्यांना. पण मान वाकडी करून बघण्याची तऱ्हा तीच.

आणि मला पुण्याचं ओंकारेश्वर आठवलं, आईच्या पिंडाचा दिवस.

तुला वाटत असेल, त्या दिवशी मी रडून रडून गप्प झालो होतो. नाही रे. पौषातली थंडी, मी ओलेत्याने कुडकुडतोय, पिंड मांडलेला, आणि समोरच्या झाडावर चांगले सात-आठ कावळे. एकही खाली येईना. आत्या म्हणाली, "वहिनी, नातवंडांचं आम्ही बघू." नाही. काका म्हणाले, "तुझे दागिने सुनेलाच देऊ." नाही. अर्धा तास गेला, पुढचे लोक ताटकळले. मग तू माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणालास, "परत येतो म्हण. नुसतं म्हण रे."

मला ते येईना. आईच्या मनात काय अडकलंय हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं, कदाचित त्या कावळ्यांनाही. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "मग काय ठरलं?" आणि मी दर रविवारी म्हणायचो, "बघू, मुलांचं कॉलेज होऊ दे." वीस वर्षं हे एक खोटं मी तिच्या तोंडावर बोललो. तिच्या पिंडासमोर मात्र जीभ रेटली नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे सुटले. माझ्याखेरीज.

आता दुसरं सांगतो, ओरडू नकोस. अस्थी सावडायला तू गेलास, कारण मी तेव्हा विमानात होतो. मुलाचं काम तू केलंस, ते मी विसरणार नाही. पण आळंदीला निघण्याआधी, तू गाडी काढायला गेलास तेव्हा, मी कलशातला नखाएवढा तुकडा काढून घेतला. ठेवायला काही मिळेना. आईच्या उशाशी बामची रिकामी बाटली होती, तिच्यात घातला. ती बाटली आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. झाकण उघडलं की अजून बामचा वास येतो. तिचा हात कपाळावर असायचा तोच. त्यामुळे मी फारसं उघडत नाही.

बायकोला माहीत आहे. ती म्हणते, असं घरात ठेवू नये, हडसनमध्ये सोडून ये. परवा पकिप्सीला जाताना बाटली खिशात होती. नदीपर्यंत गेलोही. पाणी नुसतं थंडगार आणि रुंद, पलीकडे आगगाडी चाललेली. आईला बोटीची भीती वाटायची, सिंहगडावर आलेली ती, पण होडीत कधी बसली नाही. परत आणली.

पौषात वर्षश्राद्धाला येतोय, तिकीट काढलंय. बाटली बरोबर आणू का? आळंदीला राहिलेलं पुरं करायचं असेल तर आत्याला कळता कामा नये, गुरुजींना तू कसं सांगायचं ते ठरव. आणि इथेच ठेवावी असं तुला वाटत असेल तर तेही सरळ लिही, फोनवर नको. फोनवर तू मला समजावतोस.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
बंड्या